एका विहिरीच्या दोन वह्या

मार्च सरत आला की महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. अमुक इतक्या तालुक्यांत भूजलाची पातळी पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा मीटरभर खाली गेली, तमुक तालुक्यांत ती वाढली. पातळी वर असेल तर जलसंधारणाचे श्रेय आणि खाली असेल तर घोटाळा, अशी वाटणी लगेच होते. जलयुक्त शिवारच्या निमित्ताने हा वाद आपण किती वेळा ऐकला! २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी ९,६०० कोटींहून अधिक खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाला फारसे यश आले नाही असा ठपका ठेवला, तेव्हाही चर्चा त्याच वाटेने गेली. या वादाच्या पोटात आणखी एक वाद आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. विद्यापीठातली माणसे म्हणतात, गावात घेतलेली मोजमापे अशास्त्रीय आहेत, त्यांवरून काही सिद्ध होत नाही. गावात काम करणारी म्हणतात, तुमचे शास्त्र इंग्रजी नियतकालिकांत पडून राहते आणि आम्हाला मे महिन्यातल्या टँकरची काळजी असते. मग कुणीतरी मध्यस्थी करते: संशोधन सोप्या मराठीत आणा, कार्यशाळा घ्या, ॲप काढा, दरी बुजेल.

ही मध्यस्थी चुकीच्या जागी चालली आहे, असे माझे म्हणणे आहे. दरी भाषेची असती तर भाषांतराने केव्हाच बुजली असती. खरी अडचण अशी की एकाच विहिरीच्या दोन वह्या झाल्या आहेत. एका वहीत मोजणाऱ्याला त्या आकड्यावरून कोणताही निर्णय घ्यायचा नसतो. दुसऱ्या वहीत ज्याला निर्णय घ्यायचा असतो त्याच्याकडे मोजलेला आकडा नसतो. संशोधकाने आपला प्रश्न निर्णयाच्या वेळेवरून उचलला पाहिजे आणि गावाने आपली नोंद संशोधकाला तपासता येईल अशी ठेवली पाहिजे. वही एक झाली पाहिजे. बाकीचे पूल त्यानंतरचे.

काही वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातल्या एका गावात मी एका वयस्कर शेतकऱ्याच्या विहिरीवर बसलो होतो. आठ परस खोल, दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या. काका म्हणाले, दिवाळीला पाणी सातव्या पायरीच्या वर असलं तर मोसंबी उन्हाळा काढते, नवव्या पायरीच्या खाली गेलं तर निम्म्या झाडांची आशा सोडायची. हे गणित त्यांच्या वडिलांपासून चालत आलेले. त्याच शिवारात एका अभ्यासप्रकल्पासाठी निवडलेली विहीर होती, तिचे पाणी दोन वर्षे नियमित मोजले गेले होते. काका म्हणाले, "मोजून नेलं, पण काय निघालं ते कुणी सांगितलं न्हाई." मी ते वाक्य तक्रार म्हणून ऐकले. नंतर लक्षात आले की तक्रारीपेक्षा मोठी गोष्ट समोर होती. काकांच्या पायऱ्यांचे मोजमाप निर्णयाला जोडलेले होते, पण शेजारच्या विहिरीशी ते ताडून पाहता येत नव्हते. अभ्यासकांच्या मीटरमधल्या नोंदी कुठल्याही विहिरीशी ताडता आल्या असत्या, पण त्यांवर कुणाचे झाड अवलंबून नव्हते.

ही फाटाफूट मूळची नाही. आंरी दार्सी हा फ्रान्समधल्या दिजों शहराला पाणी आणून देणारा अभियंता. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते हे गाळणीसाठी कळायला हवे, म्हणून त्याने वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि १८५६ साली शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथाच्या परिशिष्टात ती छापली. त्यांतून निघालेला नियमच आज भूजलाच्या वर्गात पहिला शिकवला जातो. पुढे अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणात काम करणाऱ्या चार्ल्स थाइसला प्रश्न पडला, की पंप चालू राहिला तर भोवतालची पाणीपातळी दिवसागणिक कशी उतरत जाते? जमिनीतले पाणी आणि धातूतली उष्णता एकाच तऱ्हेने वाहतात हे त्याने ओळखले, पण त्यापुढचे गणित त्याला येत नव्हते. त्याने सिनसिनाटी विद्यापीठातल्या क्लॅरेन्स लुबिन या गणितज्ञाला विचारले. १९३५ साली प्रसिद्ध झालेले ते समीकरण आजही पंप चाचणीचा, म्हणजे विहीर उपसून खडक किती पाणी देतो हे मोजण्याचा, पाया आहे. थाइसने लुबिनला पंपाबद्दल शिकवत बसण्याची गरज पडली नाही आणि लुबिनने थाइससाठी कार्यशाळा घेतली नाही. दोघांमध्ये एक प्रश्न होता, आणि तो पंपापाशी उभ्या असलेल्या माणसाचा होता.

आपल्याकडेही असे झाले आहे. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये सुरू झाला. त्याच्या पर्जन्यमापकांचे जाळे बरेचसे महसूल खात्याच्या जिवावर चालले. तालुक्याच्या कचेरीतला कारकून रोज सकाळी पाऊस मोजून रजिस्टरात लिहीत असे, कारण पीकपाण्याचा आणि टंचाईचा विचार त्यावर होई. १९०४ मध्ये केंब्रिजचा गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर विभागाचा प्रमुख झाला. देशोदेशीच्या दीर्घ नोंदी एकमेकींशी जुळवत तो ज्या निष्कर्षापर्यंत पोचला, त्याला आपण आज दक्षिणी आंदोलन म्हणतो, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचे वरखाली होणे. एल निनोच्या बातम्यांतले अर्धे शास्त्र तिथून निघाले. कारकुनाने विज्ञानाची सेवा म्हणून पाऊस मोजला नव्हता. त्याची नोंद रोजची होती, ठरल्या वेळेची होती आणि कचेरीच्या कामाची होती, म्हणून ती पन्नास वर्षे टिकली आणि गणितज्ञाच्या उपयोगी पडली. पावसाच्या बाबतीत हे घडले. मग विहिरीच्या बाबतीत का घडू नये?

आता विरोधातले मुद्दे. ते कच्चे नाहीत.

पहिला अभ्यासकांचा. शेतकऱ्याने मोजलेल्या पातळीवर विसंबायचे कसे? पंप नुकताच बंद झाला असेल तर विहिरीतले पाणी आणि खडकातले पाणी यांत मोठा फरक पडतो. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टात, विहीर भरून यायला एक रात्र लागते, कधी दोन. कुणी काठापासून मोजतो, कुणी कठड्यावरून. अशा शंभर नोंदींपेक्षा एक नीट घेतलेली नोंद बरी. हे मला मान्य आहे, आणि यात आणखी भर घालतो: नुसती पातळी कळून भागत नाही. खडकाच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी उपशाला मिळते, हे ठाऊक नसेल तर पातळीचा आकडा मुका राहतो. केंद्राच्या २०१५ च्या भूजल अंदाज पद्धतीत झिजलेल्या आणि सच्छिद्र बेसाल्टसाठी हे प्रमाण १ ते ३ टक्के धरले आहे. हजार हेक्टरच्या गावात पातळी एक मीटर वर आली, तर १ टक्क्याने १ लाख घनमीटर पाणी आले आणि ३ टक्क्यांनी ३ लाख. हरभऱ्याला दोन पाणी, एका पाण्याला सहा सेंटीमीटर असा हिशेब धरला, तर पहिल्या आकड्यात ८३ हेक्टर हरभरा निघतो, दुसऱ्यात २५०. गावाने चुकीचा टक्का धरला तर पीक मध्येच करपणार. हा टक्का पंप चाचणीने काढावा लागतो, आणि तीही मोठ्या व्यासाच्या विहिरीसाठी केलेल्या गणिताने, कारण पाश्चात्त्य सूत्रे मुळात अरुंद बोअरसाठी लिहिलेली आहेत. म्हणजे इथे विद्यापीठाची गरज आहेच. कुणी ती नाकारू नये.

पण या मुद्द्यावरून गावाची वही बाद ठरते का? सरकारी वहीकडेही त्याच कडक नजरेने पाहू. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जुने जाळे सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींचे आहे. राज्याचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी ७९ चौरस किलोमीटरला एक विहीर, आणि नोंद वर्षातून चार वेळा: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. राज्याचा किंवा पाणलोटाचा कल सांगायला हे जाळे उपयोगी आहे. यंत्रणेतल्या भूवैज्ञानिकांनी ते पन्नास वर्षे टिकवले, याबद्दल मला खरोखर आदर आहे. पण बेसाल्टचा स्वभाव असा, की बांधाच्या अलीकडच्या विहिरीला मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र खडक, लागतो आणि पलीकडच्या विहिरीला अखंड काळा दगड. एक तुडुंब, दुसरी ठणठणीत. अशा जमिनीत ७९ चौरस किलोमीटरची एक विहीर कुठल्या गावाला काय सांगणार? शिवाय दरम्यानच्या काळात उपसा खाली सरकला. विहिरी उथळ राहिल्या आणि बोअर पाचशे, आठशे फुटांवर गेले. वरचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर, पावसाळ्यानंतर भरलेला दिसतो आणि खालचा रिता होत असतो. विहिरीची वही तेवढ्यापुरती खरी असते, पण गावाचे पाणी तिथून कधीच निघून गेलेले असते.

यातली सर्वांत गंभीर चूक २०१९ मध्ये तेजस्वी होरा, वीणा श्रीनिवासन आणि नंदिता बसू यांनी दाखवून दिली. दक्षिण भारतात भूजल सावरत आहे, असे सरकारी नोंदींच्या विश्लेषणातून दिसत होते, आणि त्याच प्रदेशातले शेतकरी बोअर आटल्याचे सांगत होते. खरे कोण? या तिघांनी पाहिले, की ज्या विहिरी कोरड्या पडल्या त्यांच्या नोंदी खंडित झाल्या, खंडित नोंदी विश्लेषणातून गळाल्या आणि उरल्या त्या पाणी असलेल्या विहिरी. सरासरी सुधारली, कारण मेलेल्या विहिरी मोजणीतून गेल्या. हा शोध लावायला उत्तम संख्याशास्त्र लागले, हे खरेच. पण सुरुवात कुठून झाली? शेतकऱ्याचे म्हणणे आकड्याशी जुळत नाही, म्हणजे आकडा तपासून पाहू, या आदरातून. तो आदर नसता तर अत्यंत काटेकोर, पण खोटा निष्कर्ष छापला जात राहिला असता. म्हणून मला वाटते, काटेकोरपणाची मक्तेदारी कुणी सांगू नये. पंप किती तासांपूर्वी बंद झाला, हा एक रकाना वहीत वाढवला की शेतकऱ्याच्या नोंदीतली निम्मी चूक ओळखता येते. राजस्थानात उदयपूरकडे आणि गुजरातच्या अरवलीत 'मारवी' प्रकल्पात गावचीच माणसे 'भूजल जाणकार' म्हणून आठवड्याला विहिरी मोजत होती. वर्षाला चार नोंदींच्या जागी पन्नास मिळाल्या, की एखादी चुकलेली नोंद रांगेतून वेगळी दिसते. चारांत ती लपून जाते.

दुसरा मुद्दा कार्यकर्त्यांचा, आणि तोही तितकाच बळकट. अभ्यासक प्रकल्प घेऊन येतात, नमुने नेतात, प्रकल्प संपला की गाव संपते. त्यांची बढती प्रबंधांवर ठरते, गावातल्या विहिरीवर नाही. हे सगळे खरे आहे. त्यात दोष एकट्या प्राध्यापकाचा नाही. दहा वर्षे तीच वीस विहिरी मोजणाऱ्या शिक्षकाला आपली विद्यापीठे काहीच गुण देत नाहीत. तरीही "अभ्यास पुष्कळ झाला, आता खोदा" या घोषणेने झालेले नुकसान डोळ्यांआड करता येत नाही. शिरपूर पॅटर्न आठवावा. सुरेश खानापूरकर हे स्वतः भूवैज्ञानिक, सरकारी यंत्रणेत वर्षानुवर्षे काम केलेले. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात तापीच्या खोऱ्यातला जाड गाळ आहे, त्याच्या वरच्या थरांतून पाणी खाली मुरत नव्हते. नाले खोल आणि रुंद करून त्यांनी ते आत घातले. त्या भूस्तराचा अभ्यास होता म्हणून ते काम उभे राहिले. पुढे पॅटर्नचा फक्त यंत्राचा भाग उचलला गेला. जिथे गाळ नाही, दोन-तीन मीटरवर कठीण खडक लागतो, तिथेही पोकलेन लावले. काही ठिकाणी नाला इतका खोल गेला, की शेजारच्या विहिरींचे पाणी झिरपून नाल्यातच आले. शेततळ्यांचेही तसेच. पावसाचे वाहते पाणी साठवण्यासाठी असलेली योजना, आणि आज कितीतरी प्लास्टिकची तळी बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हाला द्यायचे. हे विज्ञान न मानल्याने झाले. कुणाचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही.

तिसरे म्हणणे तंत्रज्ञानाच्या भक्तांचे: उपग्रह आहेत, दर सहा तासांनी पातळी पाठवणारी यंत्रे आहेत, आता विहिरीच्या काठावर मोजपट्टी घेऊन माणूस कशाला? २००२ मध्ये सोडलेल्या 'ग्रेस' उपग्रहांनी मोठे काम केले. राजस्थान, पंजाब आणि हरियाणातून २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल घटले, हे त्यांच्या मोजणीतून २००९ साली जगाला कळले. पण त्या उपग्रहांची नजर लाखभर चौरस किलोमीटरच्या खाली नीट बसत नव्हती. स्वयंचलित यंत्रे हवीतच, राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पात ती बसवलीही गेली. पण यंत्र आकडा पाठवते कुठे? राजधानीतल्या सर्व्हरवर. गावातल्या माणसाला तो ऑक्टोबरात, ग्रामसभेच्या आधी मिळणार नसेल, तर यंत्राने तीच जुनी दुसरी वही जास्त वेगाने भरली, एवढाच अर्थ.

उरतो तो सर्वांत कठीण आक्षेप. वही एक केली, सगळे मोजले, तरी उपसा कमी होईल कशावरून? उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, वीज बिलाचा धाक नाही, शेजारी थांबत नाही तर मी का थांबू? आंध्र प्रदेशात सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी चालवलेला भूजल प्रकल्प झाला. शेतकरी पाऊस आणि विहिरी मोजत, रब्बीच्या तोंडावर एकत्र बसून पीक-पाण्याचे अंदाजपत्रक मांडत, आणि कुणावरही बंदी नसताना अनेकांनी पिके बदलली. पण प्रकल्पाचा आधार संपला, तशा पुष्कळ गावांतल्या नोंदीही थांबल्या. हे अपयश मी झाकत नाही. मोजणी एकटी पुरत नाही. बाजार आणि विजेचे धोरण बदलल्याशिवाय गावाकडून त्यागाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तरी हिवरे बाजार समोर आहे. पोपटराव पवारांच्या त्या गावात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, शेतीसाठी बोअरला बंदी आहे, आणि पाऊस कमी झाला त्या वर्षी जास्त पाण्याची पिके सोडली जातात. लोक म्हणतात, तिथे नेतृत्व होते. होतेच. पण नेतृत्वाच्या हातात दरवर्षी एक आकडा होता आणि तो आकडा गावासमोर, गावाच्याच विहिरींतून काढलेला होता. "पाणी कमी आहे" या वाक्यावर कुणीही वाद घालू शकतो. "आपल्याकडे अमुक इतके पाणी आहे, त्यात गहू बसत नाही" यावर वाद घालायला वाद घालणाऱ्यालाही मोजावे लागते.

आणि इथे एक भीती आहे, तिच्याबद्दल संशोधक क्वचितच बोलतात. आकड्याला पैसा किंवा शिक्षा चिकटली की तो वाकतो. पैसेवारीचे, म्हणजे पीक किती आले याच्या सरकारी अंदाजाचे, काय झाले, ते आपल्याला माहीत आहे. पन्नास पैशांच्या अलीकडे-पलीकडे गावाचे नशीब ठरे, म्हणून ती आकडेवारी कायम संशयात राहिली. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेत भूजलाचा निर्देशांक आला. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला, त्यात अधिसूचित क्षेत्र आणि खोल विहिरींवर निर्बंध आहेत. शेतकऱ्याला वाटते, खरे मोजून दिले तर उद्या माझ्याच बोअरला सील लागेल. ही भीती अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे. म्हणून गावाची वही आधी गावाच्या निर्णयासाठी असली पाहिजे. शिक्षेसाठी ती वापरणार नाही, हे शासनाने लेखी सांगितले पाहिजे. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सरकारचे स्वतंत्र जाळे आहे, ते वाढवावे. अटल भूजल योजनेत आपल्या १३ जिल्ह्यांत ग्रामपंचायतींनी पाण्याचे अंदाजपत्रक करायची रीत पडली. ती योजनेच्या तारखेबरोबर संपली, तर आंध्रची गोष्ट आपल्याकडेही घडेल.

रीत टिकवणारे कोण? माझ्या मते, जिल्ह्यातली महाविद्यालये. भूशास्त्र, भूगोल, कृषी शिकवणाऱ्या महाविद्यालयाने दोन-तीन गावे धरावीत आणि सोडू नयेत. दरवर्षीची विद्यार्थ्यांची तुकडी बदलेल, विहिरी त्याच राहतील. पंप चाचणी ते करतील, खडकाचा टक्का ते काढतील, गावाच्या नोंदीतली चूक ते दाखवतील. गाव त्यांना आठवड्याची नोंद देईल आणि हिवाळ्यात हरभऱ्याचे नेमके क्षेत्र सांगेल. आयआयटी मुंबईने कृषी संजीवनी प्रकल्पासाठी हजारो गावांच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवून दिली, तेव्हा मोठ्या संस्थाही या कामात उतरू शकतात हे दिसले. पुण्याच्या अॅक्वाडॅम या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेने अनेक वर्षे गावकऱ्यांना आपल्या जलधराचे नकाशे वाचायला शिकवले. पण प्रत्येक गावापाशी आयआयटी नाही. तालुक्याला महाविद्यालय मात्र आहे.

१८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारला सुचवले होते, की झरे ओळखणाऱ्या पाणाड्यांकडून जमिनींची पाहणी करून घ्या आणि जिथे पाणी लागेल असा अदमास निघेल, त्या जागांच्या खुणा गावच्या नकाशावर करा. पाणाड्याच्या पद्धतीवर माझा विश्वास नाही, पण त्या सूचनेतली शेवटची अट मला फार नेमकी वाटते. खूण गावच्या नकाशावर करायची होती. आज राज्यभरच्या भूजलाचे सुंदर नकाशे आहेत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्यातला एकही नाही.

येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही गावाला हे सुरू करता येईल. दहा-बारा विहिरी निवडायच्या, त्यांत एक-दोन बोअर असलेच पाहिजेत. काठावर रंगाने एक खूण, मोजायचे ते तिथूनच. वहीत चार रकाने: तारीख, खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर, पंप किती तास बंद होता, आणि चौथ्यात जे काही सांगण्यासारखे असेल ते. विहीर कोरडी असेल तर रकाना मोकळा सोडायचा नाही. तिथे "कोरडी" असे स्पष्ट लिहायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच विहिरीवर जायचे.